दादाची फ्रेंड रिक्वेस्ट

दादा गेल्यानंतरच्या श्रावणात मला त्याची फ्रेंड रिक्वेस्ट आली.

दुपारची वेळ होती. मी स्वयंपाकघरात गवार मोडत बसले होते. फोन वाजला म्हणून हात पुसून उचलला, तर समोर दादाचा हसरा चेहरा. हा फोटो मीच काढलेला. वणीला गडावरून खाली उतरलो होतो, रस्त्याकडेला भाजलेलं कणीस घेतलं होतं, आणि दादा दातात अडकलेला दाणा जिभेने काढायच्या खटपटीत असताना मी बटण दाबलं. त्यामुळे त्याचं हसू जरा वाकडं आलंय. खालच्या कोपऱ्यात माझ्या अंगठ्याची सावली पडलीय. मला फोटो काढता येत नाहीत हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण दादाने वर्षानुवर्षं तोच लावून ठेवला होता. कोणी म्हटलं की जरा बरा लावा, तर म्हणायचा, "राहू दे, बाईने काढलाय."

बाई म्हणजे मी. त्याची एकुलती धाकटी बहीण.

खोटं कशाला सांगू, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. मग अंगावर काटा आला, आणि मग राग आला तो अजून गेलेला नाही.

दादा हरसूलकडच्या शाळेत शिक्षक होता. सगळी नोकरी त्याने त्याच डोंगरात काढली. बदलीची संधी आली की हा काहीतरी कारण काढून तिथेच राहायचा. वहिनी गेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हा तो नाशिकला इंदिरानगरात माझ्याकडे राहायला आला. मी एकटीच होते, घर होतं, दोघांना पुरत होतं. पण त्याचा जीव हरसूललाच. तिथल्या आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळची एसटी पकडायचा आणि संध्याकाळी रेक्झिनच्या पिशवीत काहीतरी हिरवं घेऊन परत यायचा. पावसाळ्यात तर विचारू नका. शेवळं, करटोली, कुर्डू, आणि ज्यांची नावं मला कधीच पाठ झाली नाहीत असा पाला.

मुलीने त्याला फोन घेऊन दिला आणि त्या ॲपवर अकाउंट काढून दिलं. ॲपचं नाव घेत नाही. सगळ्यांच्या फोनात असतं, तेच. दादाने त्यावर रानभाज्यांचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. त्यात तो स्वतः कधी दिसायचा नाही. दिसायचा फक्त त्याचा हात, हातात भाजीची जुडी, आणि मागून आवाज. आधी घसा खाकरायचा, मग म्हणायचा, "हे बघा, ही शेवळं. नुसती शिजवलीत तर घसा धरेल. सोबत काकडं घालायची, ती आंबट रानफळं, बरं का." मग समोर भाजी विकणाऱ्या बाईला विचारायचा, "मावशी, तुम्ही कशी करता?" मावशी तोंडाला पदर लावून हसायची आणि सांगायची.

त्यातला एक व्हिडिओ कुर्डूच्या भाजीचा होता. त्यात तो म्हणतो, "आमच्या बाईला ही आवडत नाही. म्हणते, दादा, गवत आणलंस. पण खाते हो, पानात टाकत नाही." आणि मग तो हसतो, आणि हसताना फोन हलतो, त्यामुळे बाजारातली माणसं, ताडपत्र्या, आभाळ सगळंच हलतं.

दादा गेला त्या आजारपणात त्याचा फोनही गेला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला, बोर्ड गेलाय म्हणाला, आतलं काही मिळणार नाही. दादाला आपला आवाज जपून ठेवायची हौस नव्हती. मला त्याचे फोनवरचे निरोप ठेवायची अक्कल नव्हती. म्हणजे त्याचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, त्याच्या त्या अकाउंटवर. दुपारी जेवण झालं की मी कुर्डूचा व्हिडिओ लावायचे. एकदा ऐकायचे आणि आडवी व्हायचे. भाचीला मी म्हटलं होतं, हे सगळं नीट काढून ठेव गं कुठेतरी. ती म्हणाली, "आत्या, दिवाळीत लॅपटॉप घेऊन येते, सगळे उतरवून घेऊ." दिवाळी काही लांब नव्हती.

खऱ्या अकाउंटवर आता कणसाचा फोटो नव्हता. तेरावं झाल्यावर भाचीने तो बदलून निवृत्तीच्या दिवशीचा फोटो लावला होता आणि आपल्याकडे करतात तसा त्याला हार घातला होता. म्हणजे तशी चौकट तयारच मिळते म्हणे फोनवर. झेंडूचा हार, दोन बाजूंना दोन समया, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. ज्यांना निरोप गेला नसेल त्यांना कळावं, एवढाच हेतू. त्यात काही चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही.

तर त्या श्रावणातल्या दुपारी कोणीतरी त्या अकाउंटच्या आतला जुना कणसाचा फोटो उचलला होता आणि दादाच्या नावाने दुसरं दुकान मांडलं होतं. मी रिक्वेस्ट घेतली. घ्यायला नको होती हे मला नंतर चारजणांनी सांगितलं. पण मला त्याला जाब विचारायचा होता.

लगेच मेसेज आला, "हॅलो, आप कैसी हैं?"

दादा माझ्याशी हिंदीत! हिंदीच्या पेपरात जेमतेम काठावर पास झालेला माणूस. मी लिहिलं, "लाज वाटते का?" तिकडून अंगठा आला. मी लिहिलं, "ज्याच्या नावाने बोलतोस तो माणूस गेलाय." पुन्हा अंगठा. आणि पाठोपाठ मोठा मेसेज आला. माझा एक मित्र फौजेत अफसर आहे, त्याची बदली झालीय, घरातलं सामान अगदी स्वस्तात काढतोय, सोफा, फ्रिज, इन्व्हर्टर, चालायचं मशीन. आपको चाहिए क्या?

मला रडता रडता हसू आलं. दादाने उभ्या जन्मात एका लोखंडी कॉटपलीकडे फर्निचर घेतलं नाही. घरात सोफा आहे म्हणून माझ्याकडे राहायला येताना कुरकुरला होता. आणि आता तो मला चालायचं मशीन विकत होता.

मी चिडून त्याच्याशी बराच वेळ भांडले. मराठीत, हिंदीत, येतील तेवढ्या शिव्या देऊन. तो कुठेतरी बसून कुणाच्याही बहिणीला हेच विचारत असणार, माझं लिहिलेलं वाचतही नसणार. पण समोर फोटो दादाचा. हातातल्या फोनवर दादाला शिव्या देतेय असं वाटायला लागलं, तेव्हा थांबले.

मग तक्रारीच्या मागे लागले. मी नोकरीत बरीच वर्षं चौकशीच्या खिडकीत बसलेली बाई आहे. लोक यायचे, भांडायचे, हुज्जत घालायचे, पण निदान त्यांना भांडायला समोर माझं तोंड तरी होतं. या ॲपला खिडकीच नाही. कोपऱ्यात तीन ठिपके असतात, ते दाबायचे. मग ते विचारतं, हा माणूस कोणाचं सोंग घेतोय? तुमचं की तुमच्या मित्राचं? भाऊ असा पर्यायच नाही. वारलेला भाऊ तर नाहीच. मी मित्र दाबलं. तर म्हणे, त्या मित्रालाच तक्रार करायला सांगा.

त्यातूनही कशीबशी तक्रार पाठवली. उत्तर आलं की आम्ही तपासलं, त्यात नियमाबाहेरचं काही आढळलं नाही, तुम्हाला त्रास होत असेल तर तुम्ही त्यांना ब्लॉक करू शकता. मी दादाला ब्लॉक करायचं! कुणाला सांगू? घरात ऐकायला भिंती होत्या, त्यांना सांगितलं.

शेवटी पोलिसांकडे गेले. तिथे एक तरुण मुलगी होती, बोलायला चांगली होती. तिने पाणी दिलं, खुर्ची दिली. विचारलं, "पैसे गेले का, मावशी?"

"नाही."

"मग बरं झालं की."

तिचं चुकलं नव्हतं. तिच्यासमोर रोज ज्यांचं सगळं गेलंय अशी माणसं बसत असणार. मी तिला कसं सांगू की माझं काय गेलंय? तिने अर्ज घेतला आणि वर म्हणाली, "तुम्ही एक करा. सगळ्या नातेवाइकांना, ओळखीच्यांना रिपोर्ट करायला लावा. जितके जास्त लोक करतील तितकं लवकर उडतं."

हे मला पटलं. घरी येऊन मी आमच्या घरच्यांच्या ग्रुपवर लिहिलं. दादाच्या नावाने कोणीतरी खोटं अकाउंट काढलंय, लोकांना काहीबाही विकतोय, सगळ्यांनी शोधून रिपोर्ट करा आणि हा मेसेज पुढे पाठवा. खाली माझं नाव, नंबर. घरचेच सगळे, दादा गेलाय हे त्यांना वेगळं काय सांगायचं? भराभर नमस्काराचे हात आले. 'केलं', 'आम्हीपण केलं', 'ऑफिसातल्या सगळ्यांना करायला लावलं'. आमच्या घराण्याने लग्नाचा आहेर सोडला तर इतक्या एकीने केलेली ही पहिलीच गोष्ट. मला भरून आलं. मेसेज पुढे गेला, तिथून आणखी पुढे गेला. आपल्याकडे मेसेज जाताना कुठे थांबतो?

तिसऱ्या की चौथ्या दुपारी मी जेवून हात धुतले, फोन घेतला, कुर्डूचा व्हिडिओ लावायला गेले. पांढरी पाटी आली. हा मजकूर सध्या उपलब्ध नाही.

मला वाटलं रेंज गेली. गॅलरीत जाऊन उभी राहिले. फोन बंद करून चालू केला. मग भाचीला लावला. ती कामात होती, म्हणाली बघते. थोड्या वेळाने तिचा फोन आला.

"काय झालं?"

"आत्या, बाबांचं बंद केलंय त्यांनी. खरं. खूप लोकांनी तक्रार केली म्हणून."

"आणि ते दुसरं?"

"ते आहे."

मी म्हटलं, अगं मग सांग त्यांना, तू मुलगी आहेस, तुझ्याकडे पासवर्ड आहे. ती म्हणाली, अपील करता येतं, करतेच आहे. त्या संध्याकाळी तिने मला व्हिडिओ कॉल लावला आणि काय चाललंय ते दाखवलं. अकाउंट परत हवं असेल तर ज्याचं आहे त्याने कॅमेऱ्यासमोर यायचं. पडद्यावर एक गोल होता. गोलात चेहरा धरा. आता डावीकडे वळा. आता उजवीकडे. आता वर बघा.

त्या गोलात भाचीचा चेहरा होता. नाक दादासारखं आहे तिचं. सांगितलं तशी ती डावीकडे वळली, उजवीकडे वळली. वर बघायला सांगितलं तेव्हा तिला रडू फुटलं, आणि ॲपने सांगितलं की चेहरा नीट दिसत नाही, पुन्हा प्रयत्न करा. मी म्हटलं, ठेव गं फोन, नको करूस. ती म्हणाली, "मी दिवाळीची वाट का बघत बसले?" वाट तर मीही बघत होते.

ॲपने अपील नाकारलं. चेहरा जुळत नाही म्हणे.

हे सगळं कसं झालं ते मला कळत नव्हतं. आमच्यातला एकही माणूस हार घातलेल्या फोटोवर रिपोर्ट दाबणार नाही. एकेकाला फोन करून विचारलं. सगळे शपथेवर सांगत होते की आम्ही कणसाच्या फोटोवरच दाबलं.

दोन दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे मिक्सरचा, वाळूच्या फावड्यांचा आवाज येत होता, कुठेतरी बांधकाम चाललं होतं.

"सरांच्या भैणी ना तुम्ही? तुमचा नंबर त्या मेसेजमधी व्हता. मी सरांचा ईद्यार्थी, हरसूलकडचा."

मी म्हटलं, हो, बोला.

"काम झालं, ताई. उडवलं आम्ही."

"काय उडवलं?"

"ते खोटं व्हतं ना, ते. तुमचा मेसेज आमच्या शाळेच्या पोरांच्या ग्रुपवर आला. मग आम्ही बघितलं तर सरांच्या नावाची दोन. एकात सर कणीस खात्यात, हसत्यात. अन् दुसऱ्यात..." तो थांबला. "ताई, सांगाया नको वाटतं. दुसऱ्यात सरांच्या फोटोला हार घातलेला. समया लावलेल्या. चांगल्या धडधाकट मानसाला हार घालत्यात का कुनी? माझी बायको तर रडायाच लागली, तीपन सरांकडंच शिकलेली. लय राग आला आम्हाला. मंग सगळ्यांनी मिळून रिपोर्ट केलं. सुरतला गेलेल्या पोरांनीपन केलं, दिंडोरीच्या बागांवर हायेत त्यांनीपन केलं. बायांनीसुद्दा केलं. एकालाबी सोडलं नाय."

दादा थंडीत गेला. भात कापून झालं की त्या डोंगरातली निम्मी घरं कुलूप लावून द्राक्षाच्या बागांवर, बांधकामांवर कामाला उतरतात. आम्ही शाळेत निरोप दिला होता. शाळेने तरी कोणाकोणाला गाठायचं?

"तुम्हाला कसं वाटलं की सर आहेत म्हणून?" मी विचारलं.

"वाटलं कसं म्हंजे? मी इचारलं ना सरांना. त्या हसऱ्या फोटोवर मेसेज केला, सर, तुमी बरं हाय ना? लगेच जवाब आला. 'हां भाई, मैं ठीक हूँ.'"

"सर हिंदीत बोलले?"

"म्हनलं, सर आता नाशकात ऱ्हात्यात. शहरात ऱ्हायचं तर हिंदी बोलाया लागतं." तो हसला. "नंतर सोफ्याचं काय तरी बोलत व्हते. म्या म्हनलं, सर, आमाला कशाला सोफा, तुमी या एकदा बाजाराला, करटोली निघालीत."

खिडकीत बसून मी आयुष्यभर लोकांना नको असलेली उत्तरं दिली. तुमचा अर्ज नामंजूर, तुमचं नाव नाही, उद्या या. त्या दिवशी मला एक वाक्य बोलायला जमेना. तो पलीकडून हॅलो हॅलो करत होता, रेंज गेली की काय म्हणत होता.

मी सांगितलं. दादा थंडीत गेला, छातीत कफ झाला होता, इथेच दवाखान्यात.

मागचा मिक्सर चालूच होता. त्याने कोणाला तरी ओरडून तो बंद करायला सांगितलं. मग हळूच म्हणाला, "मंग हार खरा व्हता का, ताई?"

"हो," मी म्हटलं.

"अन् आमीच..."

मी त्याला म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही सरांसाठीच केलंत. हे मी मनापासून म्हटलं आणि म्हणताना मला त्याचा रागही आला, दोन्ही खरं आहे. व्हिडिओंचं मी त्याला सांगितलं नाही. त्याच्या डोक्यावर आणखी ते कशाला? पण फोन ठेवायच्या आधी त्यानेच विचारलं, "ताई, ते भाज्यांचं व्हतं सरांचं, ते त्याच्यातच व्हतं का?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, माझी आई व्हती त्याच्यात एका ठिकाणी, शेवळं विकताना. आता ती नाय.

एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तो भामटा अजून आहे का, हे बघायला मी ते खोटं अकाउंट उघडलं. होता. नावाशेजारी हिरवा ठिपका होता. कणसाच्या फोटोखाली ओळीने मजकूर आला होता. त्या पोराने ग्रुपवर सगळ्यांना कळवलं असणार. आणि त्यांना दुसरी जागा कुठे राहिली होती लिहायला? 'भावपूर्ण श्रद्धांजली सर.' 'सर तुमच्यामुळे दहावी झालो.' 'सर आम्हाला माहीत नव्हतं, माफ करा.' एका बाईने गुरुजींच्या पायावर डोकं ठेवलेल्या मुलीचं चित्र टाकलं होतं. कोणीतरी लिहिलं होतं, 'सर आता बाजारात कुर्डू दिसली की तुमचा आवाज येतो.'

प्रत्येकाच्या खाली दादाच्या नावाने, दादाच्या चेहऱ्याने उत्तर आलं होतं. 'थँक यू भाई.' आणि अंगठा.

मी वरच्या तीन ठिपक्यांवर बोट नेलं. ग्रुपवर सगळे विचारत होते, पुन्हा रिपोर्ट करायचं का, या वेळी नीट बघून करू. एकदा ते उडालं असतं तर त्याच्यासोबत ही सगळी माणसंही गेली असती, माझ्या अंगठ्याची सावलीही गेली असती. मी ग्रुपवर लिहिलं, "नको. राहू द्या."

मग सगळ्यांच्या खाली मीही लिहिलं, "दादा, कुर्डू आणलीय आज. मीच आणली." फोन ओट्यावर ठेवून मी भाजी निवडायला घेतली. अर्धी जुडी झाली असेल तेवढ्यात तो वाजला. थँक यू भाई.